सादिलवार खर्चाची गोष्ट

जुन्या मराठी हिशेबांत एक खाते बहुधा तळाशी सापडते. पगार झाले, देवस्थान झाले, धर्मादाय झाला, की खाली एका ओळीत 'सादिलवार' म्हणून किरकोळ रक्कम मांडलेली असते. कागद, शाई, दिव्याचे तेल, रुमालाचे कापड, लाख, दोरा असा कचेरीचा वरखर्च या खात्यात पडे. अरबी-फारसी दफ्तरातून आलेला हा शब्द अजून गेलेला नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांना खडू, कागद अशा गरजांसाठी जो किरकोळ पैसा मिळतो, त्याला आजही 'सादील' म्हणतात. याच कुळातला दुसरा शब्द 'कागदबहा', म्हणजे कागदाच्या किमतीपोटीचा पैसा.

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही या शेवटच्या ओळीचा इतिहास निवडला, त्याला कारण आहे. बडोदे १७३४ मध्ये कायमचे गायकवाडांकडे आले. त्यांच्यामागून शिलेदार आले, तसे फडणीस, मुजुमदार, चिटणीस, पोतनीस आणि त्यांच्या हाताखालचे कारकूनही आले. आपल्यापैकी कित्येक घराण्यांचे या शहरातले पहिले अन्न दौत-लेखणीचे आहे. आज त्याच घरांतली मुले दुकाने, छापखाने, लहान कारखाने, हिशेबनिसांच्या कचेऱ्या चालवतात, आणि महिनाअखेरीस कागदाची रिमे आणि प्रिंटरची शाई जाते कुठे, असा प्रश्न त्यांना पडतो. प्रश्न जुनाच आहे. पूर्वजांनी त्यात कुठे हात आखडला आणि कुठे जाणूनबुजून सैल सोडला, हे पाहिले तर आजच्या धंद्यालाही उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते.

हातकागदाचे दिवस

तेव्हा कागद हाताने बनत असे. जुन्या चिंध्या, गोणपाट, तागाच्या दोरखंडांचे तुकडे चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, कुटायचे, धुवायचे आणि पुन्हा कुटायचे. त्या लगद्यातून जाळीवर एकेक ताव उचलायचा, वाळवायचा, त्याला खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा. एका तावामागे इतके हात लागले, की त्याची किंमतही तशीच राहणार. दक्षिणेत जुन्नर आणि दौलताबाद, गुजरातेत अहमदाबाद ही कागदाची नावाजलेली ठिकाणे. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात अजूनही हातकागद बनतो. पुण्यात कागद करणाऱ्यांची वस्ती झाली, तिचे नाव कागदीपुरा पडले.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून होते. गावोगावचे हिशेब, सनदा, पत्रे आणि त्यांच्या नकला मिळून रोज किती कागद खपत असेल, याची कल्पना करावी. म्हणून वापराच्या काही रीती बसल्या. त्या कोणा एकाच्या हुकुमाने आल्या नसाव्यात, कामाच्या ओघात त्या पडत गेल्या.

पहिली रीत 'बंदा'ची. सबंध ताव पत्राला लावत नसत. त्याचे उभे, लांबट तुकडे करत, त्यांना बंद म्हणत. मजकूर एका बंदात मावला तर पत्र तिथेच संपे. वाढला तर खाली दुसरा बंद खळीने चिकटवायचा आणि पाठीमागे सांध्यावर शिक्का उठवायचा, म्हणजे मधला तुकडा कोणी बदलला तर उघडकीस येईल. कागद लागेल तेवढाच जाई आणि लबाडीला वावही मिळत नसे.

दुसरी रीत मोडीची. आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे खाली लोंबवत जायची. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही. त्यात संक्षेपांची भर. तारखेच्या आधीच्या 'चंद्र'चा नुसता 'छ' राहिला, मुक्कामाचा 'मु॥' झाला, वरच्यासारखेच आहे हे सांगायला 'कित्ता' पुरला. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' या चार शब्दांचे 'सा. न. वि. वि.' झाले, आणि ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या पत्रांत परवापरवापर्यंत होते. मोडीचा मूळ हेतू वेळ वाचवण्याचा. त्याबरोबर जागाही वाचली.

तिसरी रीत शिकण्याची. नवशिक्याच्या हाती कागद देतच नसत. मुलगा आधी धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर काढी, पुसून पुन्हा काढी, कित्ता गिरवी. हात बसला की मग कागद. चुका धुळीत करून घ्यायच्या आणि कागदावर पक्के तेवढेच यायचे, असा हा हिशेब होता. दुकानातही कच्चा आकडा पाटीवर आणि पक्का आकडा वहीत ही चाल पुढे पुष्कळ वर्षे राहिली.

लेखणी म्हणजे बोरू. चाकूने टोक काढायचे, झिजले की पुन्हा छाटायचे, अगदी बोटात धरवेनासा होईपर्यंत. शाई काजळाची. दिव्यावर धरलेले काजळ डिंकाच्या पाण्यात खलायचे, आणि हे खलणे जितके जास्त तितकी शाई चांगली. लिहिलेले ओले असले तर वर बारीक वाळू भुरभुरायची आणि ती झटकून परत डबीत भरायची. टीपकागद पुढे आला आणि वापरून फेकावा लागला. वाळूची डबी मात्र वर्षानुवर्षे चाले.

आणि रुमाल. कपाटे-फडताळे थोडी, म्हणून कागद चौकोनी कापडात बांधून ठेवत. कापड मळले तर धुता येई, विरले तर बदलता येई, आणि आतल्या कागदाला हवा लागत राही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत.

जिथे हात आखडला नाही

एवढी काटकसर करणाऱ्या या लोकांनी काही ठिकाणी मात्र कागद आणि शब्द दोन्ही सढळ हाताने खर्चले. आमच्या मते या इतिहासाचा गाभा तिथेच आहे.

हुंडी घ्या. बडोद्यात हरिभक्ती, सामळ बेचर, गोपाळराव मैराळ यांच्या पेढ्या सरकारलाही कर्ज देत, फौजेचा पगार भागवत. मैराळांचे नाव तर बडोदेकरांच्या तोंडी मैराळ गणपतीमुळेही आहे. अशा पेढ्यांच्या व्यवहाराचा आधार म्हणजे हुंडी, हातभर कागदाची चिठ्ठी. तिच्यात रक्कम एकदा लिहून भागत नसे. रुपये १००, ज्याचे निमे रुपये ५०, त्याची दुप्पट पुरे द्यावे, अशा वळणाने तीच रक्कम फिरवून फिरवून येई. शून्य वाढवून शंभराचे हजार करू पाहणाऱ्याला निम्म्याशी आणि दुपटीशी गाठ पडे. मूळ हुंडी गहाळ झाली तर तिच्याऐवजी 'पेठ' लिहून देत, तीही हरवली तर 'परपेठ'. एका व्यवहाराला तीन कागद गेले तरी कोणी कुरकुर करत नसे. आज धनादेशावर आपण आकडा लिहून पुन्हा 'अक्षरी रुपये अमुक मात्र' लिहितो, त्यामागे हीच सावधगिरी आहे.

मोठ्या माणसाला पत्र लिहिताना वर कोरी जागा सोडत, कारण ती मानाची जागा. पत्राच्या शेवटी 'लेखनसीमा' लिहून किंवा मोर्तब उठवून मजकूर बंद करत, म्हणजे खाली कोणी ओळ घुसडू नये. जाणाऱ्या पत्राची नक्कल ठेवण्यात कसूर होत नसे.

पेढीवरच्या आणि दुकानातल्या वह्यांचेही तसेच. रोजकीर्द आणि खतावणी या दोन वह्या म्हणजे धंद्याचे दोन डोळे. कीर्दीत दिवसाचा व्यवहार जसा घडला तसा, जमा एकीकडे, नावे दुसरीकडे; मग तोच आकडा खतावणीत त्या त्या माणसाच्या खाती उचलायचा. एकच आकडा दोनदा लिहिला जाई, आणि चूक पकडण्याची सोय त्यातच होती. वही दाभणाने शिवलेली, बांधीव. पान फाडले तर शिवण सांगे. पानावर जागा उरली तर आडवी रेघ मारून ती मारून टाकत. किराण्याची पुडी कसल्याही कागदात बांधली जाई, पण दिवाळीला 'श्री' काढून पुजलेली नवी वही मात्र चांगल्या कागदाचीच असे.

म्हणजे नियम सरळ होता. जो कागद उद्या फेकायचा, त्यात कसून बचत करायची. जो कागद उद्या साक्ष देणार, त्यात करायची नाही.

पाव आण्याचे कार्ड

एकोणिसाव्या शतकात गिरणीचा कागद आला आणि भाव उतरले. बोरूच्या जागी टाक आला, वाळूच्या जागी टीपकागद. पण लहान धंद्याच्या दृष्टीने त्या काळातली मोठी घटना म्हणजे १ जुलै १८७९ रोजी निघालेले पाव आण्याचे पोस्टकार्ड. पत्राला तेव्हा अर्धा आणा पडे, शिवाय कागद आणि लखोटा वेगळा. कार्डात कागद, लखोटा आणि टपालखर्च एकदम उरकले. मालाची मागणी, भावाची चौकशी, पोच, वसुलीची आठवण, सगळे कार्डावर होऊ लागले. दुकानाच्या नावाचा रबरी शिक्का एका कोपऱ्यात मारला की झाले छापील पत्र. एक अडचण होती. कार्ड पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचत. त्यामुळे थकबाकीदाराला कार्ड टाकायचे की लखोटा, याचा विचार दुकानदार करी, आणि कधी कधी मुद्दाम कार्डच टाकी.

शाईतली बचत एका मराठी कुटुंबाने धंद्याच्या रूपाने घरोघर नेली. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी १९३१ मध्ये मुंबईत 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पुढे 'कॅमल' शाई आणि 'कॅमलिन' हे नाव त्यातूनच उभे राहिले. पूड आणि वडीचे गणित साधे होते. बाटलीतली शाई म्हणजे बहुतेक पाणी, आणि त्या पाण्याच्या वाहतुकीचे, काचेचे, फुटतुटीचे पैसे गिऱ्हाइकाने भरायचे. पुडी घेतली तर पाणी घरचे.

मग कार्बन कागद आला. त्याचे पहिले पेटंट राल्फ वेजवूडने १८०६ मध्येच इंग्लंडात घेतले होते, पण आपल्याकडे त्याचा खरा सुळसुळाट टंकलेखन यंत्राबरोबर झाला. एका दमात तीन प्रती निघू लागल्या आणि नकलनविसाचे काम संपत आले. कार्बन उलटसुलट फिरवून, उजेडात धरला तर पलीकडचे दिसेपर्यंत वापरायचा, यंत्राची रिबन उलटी बसवून दुसरी कड झिजवायची, सायक्लोस्टाईलची स्टेन्सिल पुसून जुन्या वर्तमानपत्रात जपून ठेवायची, ही त्या पिढीच्या कारकुनाची विद्या. १९५५ मध्ये गोदरेजने भारतातले पहिले देशी टंकलेखन यंत्र काढले, तेव्हा ही विद्या गल्लोगल्लीच्या टायपिंग क्लासांतून शिकवली जाऊ लागली.

मधल्या काळात दुसरे महायुद्ध झाले आणि कागदावर सरकारी नियंत्रण आले. वर्तमानपत्रांची पाने घटली, वह्यांचा कागद खरखरीत झाला. वापरलेली पाकिटे उलटी करून पुन्हा चिकटवणे, जुन्या पत्त्यावर कागदाची चिठ्ठी लावून तेच पाकीट परत धाडणे, पाठकोरे कागद दाभणाने शिवून त्यांची टिपणवही करणे, हे सगळे तेव्हा अंगवळणी पडले. गांधीजी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजू आणि जुनी पाकिटे वापरत, त्यामुळे या काटकसरीला प्रतिष्ठाही होती. ज्यांचे बालपण त्या वर्षांत गेले, त्या आज्या-आजोबांनी पुढे सुबत्ता आली तरी पाठकोरा कागद कधी टाकला नाही.

स्वस्त कागदाने काय घेतले

बचतीच्या या इतिहासाला एक कडू बाजू आहे. बडोद्याच्या नोकरीत १८८९ पासून १९२५ पर्यंत छत्तीस वर्षे घालवलेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई सेवानिवृत्तीनंतर पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे वळले आणि त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३०च्या दशकात त्यांनी संपादून काढले. त्यांच्यासमोर आलेले कित्येक कागद दीडशे-दोनशे वर्षांचे होते. कसर लागलेली होती, ओल लागलेली होती, तरी कागद हाती धरता येत होता आणि काजळाची शाई काळीच्या काळी होती.

त्यामानाने गिरणीच्या कागदाच्या जुन्या वह्या उघडून पाहा. पान पिवळे-तांबूस झालेले असते आणि दुमडल्या जागी तुटते. याचे कारण कागदाच्या घडणीत आहे. चिंध्या आणि ताग यांचा धागा लांब आणि चिवट, त्यात चुन्याचा अंश उरलेला, तो आम्लाला मारतो. गिरणीचा स्वस्त कागद लाकूड, बांबू, गवत यांच्या लगद्याचा, आणि शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घातलेली. ती तुरटी वर्षानुवर्षे आम्ल सोडत राहते आणि कागद आतून खाते. हिराकस घातलेली शाईही तसेच करते. अक्षराच्या जागी कधी कधी अक्षराच्या आकाराचे भोकच राहते. ज्यांनी स्वस्त वह्या घेतल्या त्यांचा तेव्हाचा पैसा वाचला हे खरे. पण आजोबांच्या मोडी कागदापेक्षा नातवाची वही आधी नष्ट व्हावी, असे त्यामुळे झाले.

आजची कचेरी

हीच कथा आज नव्या कागदावर चालू आहे. बहुतेक दुकानांत बिलाचे छोटे यंत्र आले आहे. त्याला शाई लागत नाही, कारण त्याचा कागदच उष्णतेने काळा होतो. बचत मोठी, पण ते बिल ऊन, उष्णता, प्लास्टिकचे पाकीट यांनी हळूहळू पुसट होते. वस्तू व सेवा कराच्या कायद्याने हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळायची असतात. सहा वर्षांनी कोणी विचारले तर कोरी पट्टी दाखवून भागणार नाही. म्हणून गिऱ्हाइकाला अशी पट्टी द्यावी, पण आपल्या खरेदीचे मोठे बिल तसे आले तर त्याची त्याच दिवशी साध्या कागदावर प्रत काढावी किंवा फोटो काढून नीट नावानिशी ठेवावा. लेझर प्रिंटरच्या पुडीतला काळा रंग बहुतेक कार्बनचाच असतो, म्हणजे ती काजळाची दूरची बहीण; तिचे अक्षर टिकते.

उलट, जिथे खुशाल वाचवावे तिथे आपण वाचवत नाही. एका लहान कचेरीत दिवसाला ४० कागद छापले जातात आणि वर्षाचे ३०० दिवस काम चालते असे धरू. १२,००० कागद झाले, म्हणजे ५०० चे एक याप्रमाणे २४ रिमे. ८० ग्रॅमच्या ए-फोर कागदाचे एक पान ५ ग्रॅमचे, तेव्हा वर्षाला ६० किलो कागद आपण विकत घेतो. दोन्ही बाजूंनी छापले तर १२ रिमे पुरतात. त्यातले कच्चे मसुदे पडद्यावरच वाचून दुरुस्त केले, म्हणजे धूळपाटीचे काम संगणकाकडून करून घेतले, तर आणखी कमी. चुकलेल्या प्रतींच्या पाठकोऱ्या बाजू टिपणांना होतात. मात्र ज्यावर गिऱ्हाइकाचा आधार किंवा बँक क्रमांक आहे, असा कागद टिपणाला वापरू नये, फाडूनच टाकावा.

घाऊक स्वस्त मिळते म्हणून वर्षभराची शाई आणि गोंद भरून ठेवणाऱ्यांनीही विचार करावा. गोंद वाळतो, शाईची काडतुसे मुदतीबाहेर जातात. कागद तेवढा टिकतो, तोही कोरड्या जागी. आणि सर्वांत जुना उपाय सर्वांत स्वस्त आहे. काय आले, कोणी किती नेले, याची एक साधी वही कपाटाच्या दाराला टांगावी. महिन्याच्या शेवटी सादिलवाराची ओळ वेगळी लिहून पाहिली, की पैसा कुठे जातो ते कोणाला सांगावे लागत नाही.

माळ्यावरच्या वह्या

आता एक विनंती. दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी चार पिढ्यांचे दुकान, पेढी किंवा वकिली आहे, त्यांच्या माळ्यावर जुन्या कीर्दी-खतावण्या नक्की असतील. जागा वाचवायला त्या रद्दीवाल्याला देऊ नयेत. किलोमागे जे मिळेल त्यात एक रिमही येणार नाही. वह्या आडव्या ठेवाव्यात, धुतलेल्या सुती कापडात बांधाव्यात, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, फाटल्या जागी सेलोटेप मुळीच लावू नये, कारण तिचा चिकटा पुढे कागद डागाळतो. मोडी असेल आणि वाचता येत नसेल तरी चालेल. मोडी वाचणारे अजून आहेत, आणि पानांचे फोटो तर कोणालाही काढता येतात.

राजांच्या कागदांना दफ्तरखाने मिळाले. लहान धंद्यांचे कागद सांभाळणारे घरच्यांशिवाय कोणी नाही. बडोद्यात आपल्या माणसांनी पहिले भांडवल कोणाकडून उचलले, दुष्काळाच्या वर्षी उधारी किती माफ केली, तांदळाचा भाव काय होता, हे त्याच वह्यांत आहे. गणेशोत्सव सुरू झाला त्या सुरुवातीच्या वर्षांत कोणाच्या दुकानातून किती वर्गणी गेली, तेही तिथेच, नावे बाजूला, एका ओळीत लिहिलेले सापडेल.